धुतलेले आवाज

बियाण्यांच्या जुन्या गोदामाच्या भिंतींना आतून फाटक्या रजया ठोकल्या होत्या. खिडकी विटा रचून बुजवली होती. दाराच्या फटीत पोत्याचा बोळा कोंबला की बाहेरचा कुठलाच आवाज आत येत नसे. फक्त दगडाची खडी करणाऱ्या क्रशरचा येई. तोही कानांना नव्हे, पायांना कळे. टेकडीवर यंत्राचा जबडा सुरू झाला की फरशी बारीक थरथरू लागे, आणि थोरली माईकच्या बुडाशी टॉवेलची घडी सारून ठेवी.

घरातली थोरली सून म्हणून ती थोरली, आणि पुढे साऱ्या गावाचीही थोरलीच झाली. गावाच्या रेडिओत तिचे काम आवाज धुण्याचे. हा शब्द तिच्या सासऱ्यांचा. "माझ्या आवाजाला फार मळ आहे, सूनबाई," ते पहिल्या दिवशी म्हणाले होते, "नीट धुऊन घे आणि मगच वाळत घाल."

रेडिओ सकाळी आणि संध्याकाळी लागे. सकाळी गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, गावसभेत काय ठरले, कुणी ठरवले आणि कुणाला विचारलेच नाही, ते वाचत. वाचणे अजून फळ्यासमोरचेच. मधेच थांबून "मागचे ऐकताहेत ना?" असे विचारत, आणि घरोघरी लोक "हो गुरुजी" म्हणत हसत. ते थोरली कापत नसे. मग म्हाताऱ्यांची कामाची गाणी. मग वाऱ्यापाण्याचा कार्यक्रम : कोणती विहीर खाली गेली, कोणत्या झाडाची पाने धुळीने मिटली, कोणता पक्षी यंदा दिसलाच नाही. संध्याकाळी गावातला कुणी एक आपली हकीकत सांगे.

संगणकाच्या पडद्यावर बोलणे गवतासारखे दिसे आणि खोकला त्यात मधेच वाढलेल्या झुडपासारखा. ती झुडूप उपटून काढी. पण तिथे मग भोक पडे; ऐकणाऱ्याचा कान त्यात ठेचकाळे. म्हणून त्या भोकात त्याच खोलीची शांतता भरावी लागे. त्यासाठी ती प्रत्येकाला बोलण्याआधी थोडा वेळ नुसते बसवी. "काही बोलू नका. हलू नका. खोलीचा आवाज घेते." बायका खुदखुदत, पुरुषांची खुर्ची करकरे, कुणाचे पोट गुरगुरे. सासरे मात्र हात गुडघ्यांवर ठेवून असे बसले की जणू फोटोच काढायचा आहे. नंतर ऐकताना तिला कळले, त्यांच्या शांततेत श्वाससुद्धा नव्हता. खोकला येऊ नये म्हणून म्हाताऱ्याने तो रोखून धरला होता.

त्या गोदामात तेवढी स्वच्छ शांतता पुन्हा कुणाचीच मिळाली नाही. सासरे गेले, तरी ती त्यांचीच वापरत राहिली. गुरुजींच्या गावसभेत, बायकांच्या गाण्यात, विहिरींच्या हिशेबात, जिथे जिथे ठिगळ लावायचे तिथे श्वास रोखून बसलेला तो म्हातारा होता. हे तिने कुणाला सांगितले नव्हते.

खोकले काढण्याचे कारण साधे होते. क्रशरचा मुकादम रेडिओ ऐकत असे. रेडिओ नवा असताना एक दगडफोड्या आपल्या लहानपणाच्या गमती सांगायला आला, आणि हसता हसता त्याला उबळ आली. दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला फाटकातच थांबवले. "काल ऐकलं तुला. छान बोललास. आता घरी आराम कर." यंत्रापाशी माणूस कोसळला तर चौकशी मागे लागते, त्यापेक्षा तो आधीच फाटकाबाहेर गेलेला बरा. तेव्हापासून माईकपुढे बसणारा प्रत्येक जण आधी विचारी, "खोकला काढशील ना गं?"

सासऱ्यांना तर कामावरून काढले जाण्याची भीती नव्हती, कारण काम करण्याजोगे ते उरलेच नव्हते. त्यांचे कारण वेगळे. "घरात, रस्त्यात, सगळीकडे मी खोकतच असतो. लोकांना माझं तोंड दिसलं की खोकला आठवतो. रेडिओवर तरी मला धड माणूस राहू दे. शब्द दे."

तिने शब्द दिला. ते दगडांच्या गोष्टी सांगत गेले : कोणता दगड कुठे वाजवला की कसा बोलतो, कोणता कुठल्या अंगाने फुटतो. तिने एकूणएक खोकला उपटून काढला. थंडी सरता सरता ते गेले.

*

ते गेल्यावर पहाट मुकी झाली. इतकी वर्षे त्यांच्या खोकल्यानेच घर जागे होई. सासू ठरल्या वेळी उठून बसे आणि कशाची तरी वाट पाहिल्यासारखी अंथरुणावरच राही.

मग एका पहाटे थोरली चूल पेटवत असताना कोपऱ्यातून आवाज आला. दोन बारीक ठसके, मधे थोडी जागा, आणि मग एक लांब, शेवटी दोर ओढत गेल्यासारखा. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली. हे झुडूप तिने इतक्यांदा उपटले होते की त्याचा आकार तिला डोळे मिटूनही दिसत होता.

"अहो, पाणी..." म्हणत सासू उठली, आणि तिथेच थांबली.

कोपऱ्यात धाकटा झोपला होता, तिचा दीर. वडिलांच्या जागी वारा येतो म्हणून त्याने अंथरूण तिकडे नेले होते.

"भावजी, कधीपासून आहे हे?" थोरलीने चहा देताना विचारले.

"कधीपासून काय? घशात धूळ गेली असेल."

"रोज जाते का?"

"क्रशरवर धूळ नाही जाणार तर काय अत्तर जाणार?" तो हसला. थोरली लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्या कमरेला लागत होता. म्हणून तो तिला अजून एकेरीच हाक मारी. "का गं वहिनी, आता मलाही धुवायला काढतेस की काय?"

"तोंडाला फडकं बांधता ना?"

"बांधतो. दुपारपर्यंत त्याचं प्लास्टर होतं. काढलं की माझ्या नाकाचा साचा मिळेल. हवा तर दादाला दाखव, म्हणावं भाऊ तुझा घडवून ठेवलाय."

दादा म्हणजे थोरलीचा नवरा. तो लांबच्या मार्गावर ट्रक चालवी आणि घरी यायचा तो फक्त झोपायला; कमाई ट्रकच्या हप्त्यांतच जाई. घर चालत होते ते धाकट्याच्या जबड्यावरच्या कामावर. ते काम म्हणजे वरून दगड लोटायचे आणि अडकलेला दगड पहारेने मोकळा करायचा. त्या वेळी तोंड थेट धुळीवर येई. तो डबा उचलून गेला. सासूने त्याचे अंथरूण गुंडाळले आणि काही न बोलता दुसऱ्या भिंतीशी नेऊन ठेवले. रात्री त्याने ते पुन्हा कोपऱ्यात आणले.

*

क्रशरला दुसरा जबडा बसवायचा होता. त्यासाठी शाळेच्या मोठ्या खोलीत सुनावणी लागली. तालुक्याहून अधिकारी आले, कंपनीचा वकील आला. गाव बाकांवर दाटीवाटीने बसले. दारात मुकादम हाताची घडी घालून उभा होता. तो काही बोलत नव्हता; येणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून नुसती मान हलवत होता.

अधिकाऱ्यांनी विचारले, धुळीने कुणाच्या तब्येतीला त्रास आहे का? कुणी आपल्या चपलेकडे पाहिले, कुणी छताकडे.

वकील उठला. मोठ्या अदबीने म्हणाला, "साहेब, गावाचा स्वतःचा रेडिओ आहे. कंपनीचा नाही, सरकारचा नाही. तो काय सांगतो ते ऐकू या." आणि त्याने एक आवाज लावला.

सासऱ्यांचा. "काळा दगड फसवत नाही. त्याला नीट विचारलं की तो कुठून फुटणार ते स्वतःच सांगतो..."

"उभा जन्म दगडात काढलेला माणूस," वकील म्हणाला. "कुठे धाप आहे? कुठे ठसका आहे? असे कितीतरी आवाज मी आणलेत. घंटेसारखे स्वच्छ."

थोरलीच्या शेजारी सासू बसली होती. नवऱ्याचा आवाज येताच ती ताठ झाली. एका वाक्यानंतर ती किंचित पुढे झुकली, कुणाला ठेच लागणार आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखी. पण तिथे काहीच आले नाही. म्हातारा न अडखळता पुढे बोलत राहिला. सासूने थोरलीकडे एकदाच पाहिले.

अधिकाऱ्यांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली. कुणाला काही सांगायचे असेल तर तेव्हा शेवटचे सांगावे, म्हणाले.

गोदामात परतल्यावर गुरुजी बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "आपणच नेऊन दिलं त्यांच्या हातात, थोरले."

"मी दिलं."

"मी काय तेव्हा डोळे मिटून बसलो होतो? आपण म्हण." त्यांनी चष्मा घातला. "न धुतलेले आहेत का?"

"सगळे आहेत. पण जिवंत माणसाचा एक जरी लावला तर उद्या तो फाटकाबाहेर."

"हं."

"गेलेल्या माणसाला मुकादम काय करणार?" ती म्हणाली, आणि तिचे तिलाच कसेसे झाले.

गुरुजींना कळायला वेळ लागला नाही. "नाव सांगायचं?"

"नाही. शब्द दिलाय. खोकला लावीन, पण कुणाचा ते सांगणार नाही."

दुपारी दाराला कडी लावून ती बसली. कानांवर हेडफोन चढवला आणि न धुतलेले सासरे उघडले. बोलणे कापत गेली, खोकले ठेवत गेली. सवयीचा हात उलटा चालवताना पुन्हा पुन्हा चुकत होता. दोन खोकल्यांच्या मधे भोक पडू लागले, तेव्हा तिने नेहमीची शांतता उचलून भरली. मग तिने ते सलग ऐकले. खोकला. श्वास रोखलेला म्हातारा. खोकला. श्वास रोखलेला म्हातारा. एकदा तिला वाटले, खुर्ची तिच्या मागेच आहे आणि त्यात कुणीतरी तिचे काम संपायची वाट पाहत अवघडून बसले आहे. मागे वळून पाहायला तिने मुद्दाम वेळ लावला. खुर्चीत गुरुजींची पिशवी होती.

*

सकाळी गावसभेच्या बातम्या झाल्या. त्या दिवशी गुरुजींनी मागच्यांना काही विचारले नाही. "आता टेकडीखालच्या एका माणसाचा आवाज," ते म्हणाले. "बोलणं काढून टाकलं आहे."

लोक कामावर निघण्याची वेळ होती. घराघरातून तो खोकला रस्त्यावर आला. चहाच्या टपरीवर कुणीतरी रेडिओ बंद करायला हात नेला आणि तसाच परत घेतला. एका दारातून खोकल्याची सुरुवात, पुढच्या दारातून त्याचाच शेवट. रस्त्याने चालणाऱ्याला वाटावे की कुणीतरी आपल्या बरोबरीने, घरांच्या आतून, खोकत चालले आहे.

थोडा वेळ गेला नाही तोच गोदामाचे दार वाजू लागले. खडी वाहणाऱ्याची बायको होती.

"माझ्या माणसाचा खोकला लावलास? तुला मी बहीण मानत होते!"

"तो त्यांचा नाही गं."

"मला शिकवतेस? रात्रंदिवस मी ऐकते!"

तिच्यामागे पिठाच्या गिरणीवाल्याची आई होती. "हिच्या माणसाचा कशाला? माझ्या लेकाचा आहे तो. शेवटी दोर ओढल्यासारखा, तो त्याचाच."

"तुझा लेक तर गिरणीत असतो!"

"आधी पाच वर्षं कुठं होता?"

दोघी दारातच भांडू लागल्या. तिसरी आली, ती भांडलीही नाही. रजईच्या भिंतीला टेकून खाली बसली आणि म्हणाली, "पुन्हा एकदा लाव." तिचा नवरा गेल्या वर्षी गेला होता. थोरलीने लावले नाही. परक्याच्या खोकल्यात त्या बाईने आपला नवरा ऐकावा, हे तिच्याने झाले नसते.

ती घरी आली तर उंबऱ्यात धाकटा बसला होता. शेजारी डबा, न उघडलेला. आत सासू धान्य निवडत होती.

"मुकादम म्हणाला, रेडिओवर गाजलास," धाकटा म्हणाला. "म्हणाला, आता मोठा माणूस झालास, दगड उचलणं शोभत नाही."

"भावजी..."

"वहिनी, तू माझं अंथरूण-पांघरूण काढलंस, माझं नाक पुसलंस. तू माझा खोकला गावात वाटलास?" बोलता बोलता त्याला उबळ आली. त्याने ती गिळली; डोळ्यांत पाणी आले तरी गिळली. बापासारखेच हात गुडघ्यांवर ठेवून.

"तुमचा नाही तो. शपथ घेऊन सांगते."

"मग कुणाचा?"

आत सुपातले धान्य थांबले.

"बरं, मला नको सांगू. मुकादमाला सांग. सुनावणीत सगळ्यांसमोर सांग, कुणाचा आहे ते. म्हणजे दुसऱ्या दिवशी मी कामावर असेन. नाहीतर या घरात खायचं काय? माझं गाजणं?"

"सांगीन," ती म्हणाली. "तुमचं काम परत मिळेल. सुनावणीत सांगीन."

तो उठून विहिरीकडे गेला. सासू सूप बाजूला ठेवून बाहेर आली आणि त्याच्या जागेवर बसली.

"काय सांगणार आहेस?"

"मामंजींचा आहे म्हणून. आई, मी त्यांना शब्द दिला होता. पण भावजींचं काम गेलं तर..."

"मला ऐकताक्षणी कळलं," सासू म्हणाली. "ऐकवेना म्हणून रेडिओकडे पाठ करून बसले, तर पाठीमागे ते असल्यासारखंच झालं." तिने बोटाने डब्याचे झाकण उघडले, पुन्हा लावले. "सांगितलंस की घेतील त्याला परत?"

"घेतील. त्यांचा नाही म्हटल्यावर कशाला नाही घेणार?"

"जबड्यावरच?"

"जबड्यावरच."

सासूने मान हलवली. त्या आठवड्यात रोज पहाटे, खोकला झाला की ती धाकट्याच्या उशाशी जाऊन बसे आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून वाट पाही. त्याला वाटे, म्हातारीचे मन कातर झाले आहे.

*

सुनावणीला गर्दी इतकी झाली की शाळेच्या खिडक्यांत माणसे चढली. मुकादम दारात होताच. धाकटा मागच्या भिंतीशी उभा होता, अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, कामावर घेतलेल्या माणसासारखा.

वकील आज हसत नव्हता. "साहेब, रेडिओवर कुणीही खोलीत बसून खोकेल. नाव नाही, गाव नाही. आणि कुणा म्हाताऱ्याचा असेल तर म्हातारे खोकतातच. त्याला क्रशर काय करणार?"

अधिकाऱ्यांनी समोर पाहिले. "रेडिओचं काम कोण बघतं?"

थोरली उठली. पाय जमिनीवर होते आणि जमीन थरथरत होती. सुनावणी चालू असली तरी जबडा थांबलेला नव्हता.

"हा खोकला कुणाचा आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"कुणाचा?"

तिने तोंड उघडले. मागच्या भिंतीशी धाकटा टाच उचलून उभा राहिलेला तिला दिसला. आणि तेवढ्यात तिचा हात कुणीतरी खाली ओढला. सासू तिला धरूनच उभी राहत होती. उभी राहायला तिला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी खोली थांबली.

"तिला काय विचारता, साहेब? ती सून. परक्या घरातून आलेली. मला विचारा. माझ्या धाकट्याचा आहे."

"आई!" मागून हाक आली.

"माझ्या पोटचा आहे. मी ओळखते. रोज पहाटे ऐकते. तरणा आहे, म्हातारा नाही. जबड्यावर उभा राहतो. अजून लग्न व्हायचंय त्याचं." तिचा आवाज चढलेला नव्हता. बाजारात भाव सांगावा तसा होता. "आणि मी त्याला आता तिथं पाठवणार नाही. हे पण लिहून घ्या."

खोलीत कुजबुज उठली. थोरलीला वाटले आपण बोलावे, आत्ता, लगेच. पण तिच्या मनगटावर सासूची बोटे होती आणि ती सैल पडत नव्हती.

अधिकाऱ्यांनी मागे पाहिले. "तुम्हीच ते? पुढे या. तुमचाच आहे का हा आवाज?"

धाकटा पुढे आला. त्याने आईकडे पाहिले. आईने त्याच्याकडे पाहिले नाही. ती अधिकाऱ्यांच्या टेबलाकडे पाहत होती. त्याने दाराकडे पाहिले. मुकादमाने हाताची घडी सोडली होती. 'नाही' म्हणायला दोन अक्षरे पुरली असती; ती त्याच्या ओठांवर आलेलीही थोरलीला दिसली. पण भर सभेत आईला खोटी पाडायची होती, आणि ते त्याच्याने होत नव्हते. त्याने डोके खाजवले.

"आई म्हणते म्हणजे माझाच असेल, साहेब."

लोक हसले. बऱ्याच दिवसांचे साचलेले हसू होते ते. खिडकीतली माणसेसुद्धा हसली. अधिकारी मात्र हसले नाहीत. त्यांनी धाकट्याचे वय विचारले, किती वर्षे काम केले ते विचारले, डॉक्टरला दाखवले का विचारले, आणि लिहीत राहिले. वकील दोनदा उठला आणि दोन्ही वेळा त्याला बसवले. शेवटी अधिकारी म्हणाले, क्रशरवरच्या सगळ्यांची छाती तपासून झाल्याशिवाय दुसऱ्या जबड्याचा विचार होणार नाही. त्यावर पहिल्यांदा टाळी वाजवली ती खडी वाहणाऱ्याच्या बायकोने, आणि मग नवऱ्याकडे पाहून तिने हात मागे घेतले.

थोरली खाली बसली. धाकटा खोटे बोलला असे तिला वाटले नाही. बापाचा खोकला आज ना उद्या त्याचा होणारच होता; तो थोडा लवकर बोलला होता, एवढेच. आणि आता, तपासणी लागली तर, कदाचित वेळेवर.

घराकडे जाताना सासू पुढे चालत होती, पाठ वाकलेली, पण भराभर. दोघे मागे. रस्त्याकडेच्या झुडपांवर पांढरी धूळ होती. कुणाचा सदरा घासला तेवढाच हिरवा पट्टा उघडा पडला होता.

"वहिनी," धाकटा हळूच म्हणाला, "तू म्हणाली होतीस माझा नाही."

"म्हणाले होते."

"मग आई खोटं बोलली?"

थोरलीने पदराने तोंडावरची धूळ पुसली.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "त्या सकाळी मी डबा घेऊन निघालो होतो. रस्त्यात ऐकला. मी तोंडावर हात ठेवला बघ. मला वाटलं, मीच खोकतोय."

त्याने पुढे काही विचारले नाही. रस्ता फुटत होता तिथे ते आले. उजवीकडचा वर टेकडीकडे जाई. जबड्याची धडधड इथून कानांनीही ऐकू येत होती. बोलायच्या नादात धाकट्याची पावले सवयीने उजवीकडे वळली; चारदोन पावले तो गेलाही.

"इकडे," पुढून सासू म्हणाली. तिने मागे वळून पाहिले नव्हते.